लायसन्स तपासताना काय काय जातं?

ऑक्टोबर 2014 मध्ये नेट हॉफेल्डर या अमेरिकन पत्रकाराने एक बातमी उघडकीला आणली. ॲडोबी कंपनीचं 'डिजिटल एडिशन्स' हे ई-पुस्तकं वाचायचं सॉफ्टवेअर वाचकाची नोंद ठेवत होतं. कोणतं पुस्तक उघडलं, त्यातली कोणती पानं कोणत्या क्रमाने वाचली, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरकडे जात होतं. आणि जात होतं तेही साध्या, उघड्या मजकुरात. वाटेत कुणीही, म्हणजे त्याच वायफायवर बसलेला शेजारी किंवा इंटरनेट पुरवणारी कंपनी, ते सहज वाचू शकत होतं. अमेरिकेतली असंख्य सार्वजनिक ग्रंथालयं त्या काळात ई-पुस्तकं याच सॉफ्टवेअरमधून वाचायला देत. त्या ग्रंथालयांचे सभासद असलेले तिकडचे मराठी वाचकही त्यात आलेच.

ॲडोबीने ही गोष्ट नाकारली नाही. ही माहिती लायसन्सच्या पडताळणीसाठी आणि प्रकाशकांच्या वेगवेगळ्या परवाना-पद्धती राबवण्यासाठी घेतो, असं उत्तर दिलं. सोबत काय काय घेतो याची यादीही दिली: वापरणाऱ्याची ओळख, यंत्राची ओळख, आयपी पत्ता, पुस्तक किती वेळ वाचलं, किती टक्के वाचलं, ते कुठून आणि कधी घेतलं, शिवाय पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत आणि आयएसबीएन क्रमांक.

ही यादी सावकाश वाचण्यासारखी आहे, कारण आज तुमच्या संगणकावर असलेल्या बहुतेक विकतच्या सॉफ्टवेअरना 'यातलं प्रत्येक कशासाठी घेता?' हा प्रश्न विचारायचा आहे. यंत्राची ओळख घेण्यामागचं कारण समजतं. एक पुस्तक ठरावीक यंत्रांवरच उघडता यावं अशी प्रकाशकाची अट असते, म्हणून यंत्रं मोजावी लागतात. आयपी पत्ता कशासाठी, तर वाचक कोणत्या देशात आहे ते कळावं, कारण किंमत देशागणिक बदलते. इथवर ओढूनताणून का होईना, पटतं. पण किती वेळ आणि किती टक्के वाचलं? त्यावर कंपनीचं म्हणणं असं की काही प्रकाशकांना वाचनाच्या प्रमाणात पैसे आकारता यावेत. म्हणजे कुण्या प्रकाशकाला तशी योजना चालवायची असेल, तर त्या शक्यतेपायी सगळ्या वाचकांच्या वाचनाची नोंद व्हायची. आपल्या वाचनालयात पुस्तक दिल्याची नोंद होते, पण सभासदाने कोणत्या पानावर रेंगाळून वाचलं हे ग्रंथपाल लिहून ठेवत नाही. अमेरिकेतल्या 48 राज्यांत तर वाचकाने काय नेलं ते गुप्त ठेवण्याचे कायदे आहेत, आणि तिथल्या ग्रंथालय संघटनेने याच मुद्द्यावर आक्षेप घेतला. महिना संपायच्या आत ॲडोबीने 4.0.1 ही आवृत्ती काढली आणि माहिती कूटबद्ध करून पाठवायला सुरुवात केली. आता वाटेतल्या माणसाला ती दिसत नव्हती, पण माहिती घेणं थांबलं नाही.

याच कंपनीच्या सर्व्हरमध्ये चोरी झाल्याचं एक वर्ष आधी, ऑक्टोबर 2013 मध्ये, उघड झालं होतं. आधी 29 लाख ग्राहकांची माहिती गेल्याचं सांगितलं गेलं. नंतर चालू वापरातल्या खात्यांचाच आकडा 3 कोटी 80 लाखांवर गेला. कंपनीचा हेतू चांगला की वाईट, या वादात न शिरताही एवढं म्हणता येतं की जी माहिती घेतलीच नाही, ती चोरीला जाऊ शकत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. लायसन्स तपासणं म्हणजे 'ही प्रत वापरायचा हक्क या माणसाला आहे का?' या एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवणं. त्या उत्तराला जेवढी माहिती लागते तेवढी द्यायला आपण बांधलेले आहोत. त्यापुढची प्रत्येक गोष्ट वेगळा व्यवहार आहे आणि तिच्यासाठी आपल्याला वेगळं विचारलं गेलं पाहिजे. एसटीचा कंडक्टर तिकीट पाहतो. खिडकीशी बसून तुम्ही कोणाशी काय बोललात हे तो वहीत लिहीत नाही.

तपासणीला खरोखर किती लागतं

महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. श्री-लिपीसारखी मराठी टाइपसेटिंगची पॅकेजेस अनेक वर्षं 'लॉक' घेऊन येत. संगणकाच्या मागे खोचायचा छोटा डोंगल. तो लावला की सॉफ्टवेअर चालायचं, काढला की थांबायचं. तो हरवला किंवा बिघडला की काम अडायचं, हा त्रास खरा होता. पण त्या लॉकने कुणाच्या लग्नपत्रिकेतला किंवा निवडणुकीच्या पत्रकातला एक शब्दही बाहेर नेला नाही. नेट नसतानाही तपासणी पुरी व्हायची.

पुढे इंटरनेटवरून ॲक्टिव्हेशन आलं, तेव्हाही संयमाने काम करता येतं हे दिसलं होतं. 2001 मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आली आणि 'ॲक्टिव्हेट' करण्याची सक्ती घरगुती वापरणाऱ्यांपर्यंत पोचली. तेव्हा लोकांना भीती वाटली की मायक्रोसॉफ्ट आता आपल्या संगणकाचा पंचनामा करणार. जर्मनीतल्या 'फुली लायसन्स्ड' या कंपनीच्या लोकांनी त्याच वर्षी ती पद्धत उलगडून पाहिली. संगणकाच्या दहा भागांवरून एक आकडा बनत होता: हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क कार्ड वगैरे. पण प्रत्येक भागाचा अगदी तुटपुंजा अंश त्यात होता. नेटवर्क कार्डाचा पत्ता 48 बिटांचा असतो. त्यातून केवळ 10 बिटांचा ठसा घेतला जाई. दहा बिटांत 1,024 शक्यता मावतात. म्हणजे जगातली असंख्य कार्डं तोच ठसा देणार, आणि त्यावरून तुमचं नेमकं कार्ड शोधणं अशक्य. संगणक तोच आहे की बदलला, एवढं मात्र कंपनीला कळत होतं. नेट नको असेल तर पन्नास अंकी आकडा फोनवर वाचून दाखवूनही काम होई. त्या पद्धतीतही उणिवा होत्या, पण गरजेपुरतं घेणं शक्य असतं, याचं हे उत्तम उदाहरण आहे आणि आजच्या कंपन्यांना ते पुन्हा दाखवायला हवं.

त्याच मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांत उलटं टोक गाठलं. 'विंडोज जेन्युइन ॲडव्हान्टेज' नावाचं साधन 2006 मध्ये महत्त्वाच्या अपडेटच्या रांगेतून लोकांच्या संगणकांवर उतरलं. लॉरेन वाइनस्टाइन या अमेरिकन तंत्रज्ञाच्या लक्षात आलं की संगणक रोज सुरू झाला की हे साधन कंपनीशी संपर्क साधतं, मग प्रत अस्सल ठरलेली का असेना. कंपनीने जूनमध्ये ते मान्य केलं, रोजचा संपर्क आधी दोन आठवड्यांवर आणि मग बंद करण्यापर्यंत माघार घेतली, आणि तोवर कोर्टात दावेही दाखल झाले. पुढच्या वर्षी 24 ऑगस्ट 2007 ला या तपासणीचे सर्व्हर बिघडले आणि सुमारे 19 तास अस्सल प्रती नकली ठरत राहिल्या. बारा हजारांच्या आसपास संगणकांना हा फटका बसला. दूरवरून होणाऱ्या तपासणीचा हा दुसरा धोका. माहिती तर जातेच, शिवाय आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा निवाडा कुठल्यातरी सर्व्हरच्या तब्येतीवर अवलंबून राहतो.

मॅक वापरणाऱ्यांनाही 12 नोव्हेंबर 2020 ला याचा अनुभव आला. ॲपलचा एक सर्व्हर मंदावला आणि जगभरच्या मॅकवर साधी ॲप्सही उघडेनात. ॲप उघडताना त्याच्या निर्मात्याचं प्रमाणपत्र वैध आहे का, हे मॅक ॲपलला विचारत होता, आणि तेही कूटबद्ध न करता. ही सुरक्षिततेची तपासणी होती, लायसन्सची नव्हे; पण कोणत्या पत्त्यावरून कोणत्या निर्मात्याचं ॲप केव्हा उघडलं जातं, याचा माग त्यात राहत होता. गदारोळ झाल्यावर ॲपलने आयपी पत्ते नोंदवणं थांबवलं आणि जुने पुसून टाकू असं जाहीर केलं. या प्रत्येक घटनेत एक गोष्ट सारखी आहे: ग्राहकांनी बोट ठेवलं, मग कंपनीने पद्धत बदलली. आधी स्वतःहून कुणी बदलली नाही.

घेण्याआधी आणि बसवताना

आता कामाचं बोलू. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी त्याचा गोपनीयता-मसुदा, म्हणजे 'प्रायव्हसी पॉलिसी', अख्खा वाचायला कुणी बसत नाही, आणि बसायची गरजही नाही. तो उघडून 'लायसन्स', 'ॲक्टिव्हेशन', 'डिव्हाइस' आणि 'थर्ड पार्टी' हे चार शब्द इंग्रजीत शोधा. पहिल्या दोन शब्दांच्या आसपासच्या परिच्छेदात पडताळणीसाठी नेमकं काय घेतात ते सापडतं. तिथे 'उत्पादन सुधारण्यासाठी' किंवा 'अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून' असे शब्द आले, की समजा, हक्काच्या तपासणीच्या पिशवीत दुसरंही काही भरलं आहे. 'थर्ड पार्टी'पाशी तपासणीचं काम कुणा बाहेरच्या कंपनीकडे सोपवलं आहे का ते कळतं. अनेक कंपन्या सोपवतात, आणि मग तुमची माहिती एकाऐवजी दोन ठिकाणी असते.

दुकानदाराला किंवा विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. नेट नसेल तर हे किती दिवस चालतं? ऑफलाइन ॲक्टिव्हेट करता येतं का? संगणक बदलला तर लायसन्स नव्या संगणकावर कसं न्यायचं? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळत नसतील तर घाई करू नका. मायक्रोसॉफ्ट 365 सारख्या वर्गणीच्या सॉफ्टवेअरना साधारण महिन्यातून एकदा तरी नेट लागतंच, कारण वर्गणी चालू आहे का ते पाहावं लागतं. त्यात वावगं काही नाही. पण महिन्यातून एकदा पुरत असताना एखादं सॉफ्टवेअर तासातासाला बाहेर बोलत असेल, तर ते बोलणं लायसन्सविषयी नाही.

बसवताना 'एक्सप्रेस' किंवा 'रेकमेंडेड' यावर डोळे मिटून क्लिक करायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. शेजारचा 'कस्टम' पर्याय उघडा. 'वापराची माहिती पाठवा', 'सुधारणा कार्यक्रमात सामील व्हा' अशा चौकटी तिथे बरेचदा आधीच खूण केलेल्या असतात. त्या काढल्या तरी लायसन्सवर कसलाही परिणाम होत नाही. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बसवून देणारा इंजिनिअर आपल्या गैरहजेरीत सगळं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करून मोकळा होतो. त्याला आधीच सांगून ठेवा, किंवा त्या वेळी शेजारी बसा. आणि खातं उघडायची वेळ आली तर ते त्याच्या ईमेलवर उघडू देऊ नका. लहान दुकानांत आणि दवाखान्यांत हे सर्रास घडतं. मग तो माणूस काम सोडून गेला की लायसन्सही हातचं जातं आणि खात्यात साठलेली माहितीही.

सॉफ्टवेअरच्या खात्यांसाठी एक वेगळा ईमेल पत्ता ठेवणं सोपं आणि फार उपयोगाचं आहे. त्यावर बँक, आधार, शाळा यांतलं काहीही नको. मोबाइल नंबर, जन्मतारीख, व्यवसाय हे रकाने सक्तीचे नसतील तर रिकामे सोडा.

बसवल्यावर

विंडोज 11 मध्ये दोन जागा पाहून ठेवा. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम'खाली 'ॲक्टिव्हेशन' आहे. तिथे लायसन्सची स्थिती दिसते. आणि 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक' आहे. संगणकाच्या वापराची माहिती किती पाठवायची ते तिथे ठरतं. या दोन वेगळ्या खोल्या आहेत आणि दुसरीतलं 'ऑप्शनल डायग्नॉस्टिक डेटा' बंद केल्याने पहिलीतलं ॲक्टिव्हेशन जात नाही. ही भीती मनातून काढून टाका. अनेक जण तेवढ्यापायी सगळं चालू ठेवतात. त्याच पानावर पाठवलेली माहिती प्रत्यक्ष पाहण्याची आणि पुसण्याची सोय आहे. ती एकदा तरी उघडून पाहाच. तुमच्या संगणकावर कोणती ॲप्स आहेत, ती केव्हा कोलमडली, अशा ओळींमागून ओळी दिसतात तेव्हा हा विषय कागदावरचा राहत नाही. आवृत्तीगणिक या पर्यायांची नावं थोडी बदलतात, पण जागा साधारण त्याच राहतात.

अशी सोय मिळाली तीही दबावामुळेच. फ्रान्समधल्या माहिती-संरक्षण यंत्रणेने, म्हणजे 'क्निल'ने, जुलै 2016 मध्ये विंडोज 10 प्रमाणाबाहेर माहिती घेते अशी रीतसर नोटीस मायक्रोसॉफ्टला दिली. कोणती ॲप्स उतरवली आणि प्रत्येकावर किती वेळ घालवला, हेही घेतलं जात होतं. कंपनीने बदल केले, आणि पुढच्या वर्षी क्निलने प्रकरण मिटवलं.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये 'फाइल'मधल्या 'अकाउंट'वर गेलं की 'मॅनेज सेटिंग्ज' दिसतं. तिथे ऐच्छिक सेवा आणि ऐच्छिक माहिती बंद करता येते. ॲडोबीच्या खात्यात संकेतस्थळावर जाऊन 'प्रायव्हसी' या पानावर वापराची माहिती आणि फाइलींच्या मजकुराचं विश्लेषण हे दोन वेगळे खटके आहेत, दोन्ही पाहा. इतर सॉफ्टवेअरमध्ये 'हेल्प' किंवा 'प्रेफरन्सेस'खाली शोधा.

यात वकील, डॉक्टर, पत्रकार, सीए यांनी एका गोष्टीकडे खास लक्ष द्यावं. सॉफ्टवेअर अचानक बंद पडलं की 'अहवाल पाठवायचा का?' असा प्रश्न येतो. त्या क्षणी संगणकाच्या मेमरीत जे होतं त्याचा तुकडा त्या अहवालात जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या अशिलाच्या कागदाचा किंवा रुग्णाच्या तपासणीचा भागही. तिथे 'नाही' म्हणा. फाइलला रुग्णाचं नाव आणि आजार जोडून ठेवण्याची सवयही सोडा, कारण मजकूर जाणार नाही तिथेही फाइलचं नाव जाऊ शकतं.

एखादं सॉफ्टवेअर किती बोलतं हे स्वतः पाहता येतं. विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर'मधून 'रिसोर्स मॉनिटर' उघडा आणि 'नेटवर्क' हा भाग पाहा: कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या पत्त्याशी बोलतं, किती माहिती पाठवतं, सगळं तिथे आहे. मॅकवर 'लुलू' हे मोफत साधन बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीआधी विचारतं. 'लिटल स्निच' विकतचं आहे आणि अधिक तपशील दाखवतं. हॉफेल्डरला 2014 मध्ये मजकूरच वाचता आला, कारण तो उघडा होता. आज जवळपास सगळं कूटबद्ध असतं, त्यामुळे आत काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही. पण केव्हा, कुठे आणि किती, हे दिसतं, आणि ते पुष्कळ बोलकं असतं. काहीच न करता उघडं ठेवलेलं सॉफ्टवेअर दिवसभर माहिती वर चढवत असेल, तर कंपनीला विचारण्यासाठी तुमच्या हातात ठोस प्रश्न आहे.

पडताळणीचा सर्व्हरच फायरवॉलमध्ये अडवून टाका, असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. मी देणार नाही. लायसन्सच्या कराराचा भंग होतो, काही दिवसांनी सॉफ्टवेअर थांबतं आणि नेमकं कामाच्या दिवशी थांबतं. तपासणी होऊ द्या, बाकीचं बंद करा.

क्रॅकचा मार्ग

'आपण मूळ कंपनीला काही कळूच देत नाही, क्रॅक मारून वापरतो' असं अभिमानाने सांगणारे भेटतात. गोपनीयतेच्या दृष्टीने याहून वाईट निवड नाही. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि संगणकाचे पूर्ण अधिकार मागतात. म्हणजे ज्या कंपनीचा पत्ता, करार आणि कायदेशीर जबाबदारी आहे तिच्यापासून माहिती लपवायची, आणि ज्याचं नावगाव माहीत नाही अशा माणसाच्या हाती संगणकच द्यायचा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवण्याचा हा जुना आणि पक्का मार्ग आहे. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-ब नुसार नकली प्रत जाणूनबुजून वापरणं गुन्हा आहे: किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद, आणि 50 हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैदेऐवजी दंडावर सोडू शकतं, पण दुकान, क्लास, छापखाना इथे ती सवलत मागता येत नाही.

तपासणीच नको असेल तर तिचा प्रामाणिक मार्ग मोकळा आहे. लिब्रेऑफिस, इंकस्केप, गिंप, पानं लावण्यासाठी स्क्रायबस यांना लायसन्स तपासायचंच नसतं. मुंबईच्या 'एक टाइप'ने बनवलेले मुक्त, बालू यांसारखे सुंदर देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात. रोजच्या पत्रव्यवहाराला आणि छोट्या छपाईला हे पुरतं. जिथे पुरत नाही तिथे विकत घ्यावं. मराठीसाठी फॉन्ट आणि पॅकेजेस बनवणाऱ्यांचं पोट त्यावर आहे आणि आपली प्रत तपासायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

कचेरी, शाळा, ग्रंथालय

संस्थेची जबाबदारी मोठी, पण तिच्या हाती ताकदही मोठी. अनेक प्रतींचं लायसन्स घेताना तपासणी आतल्या आत होईल अशी मागणी करता येते. मायक्रोसॉफ्टची 'केएमएस' पद्धत अशीच आहे: संस्थेचा स्वतःचा एक सर्व्हर बाकीच्या संगणकांची तपासणी करतो, प्रत्येक ॲक्टिव्हेशन 180 दिवस टिकतं आणि एकेका संगणकाला बाहेर बोलावं लागत नाही. विंडोजसाठी तिला निदान 25 संगणक लागतात, म्हणून तालुक्याच्या कॉलेजलाही ती आवाक्यात आहे. अभियांत्रिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्लोटिंग लायसन्स'चा, म्हणजे ठरावीक प्रती आळीपाळीने वापरायच्या लायसन्सचा, सर्व्हर अशाच रीतीने संस्थेत बसवतात.

पण इथे संस्थेनेही स्वतःकडे पाहायला हवं. असा लायसन्स सर्व्हर कुणी, कोणत्या संगणकावरून, केव्हा सॉफ्टवेअर उघडलं आणि केव्हा बंद केलं याची ओळीने नोंद ठेवतो. ती नोंद प्रती पुरतात का हे पाहण्यासाठी असते. तिच्यावरून कर्मचाऱ्याची हजेरी किंवा कामाचा वेग मोजायला सुरुवात झाली, की संस्था त्याच कंपन्यांच्या रांगेत जाऊन बसते. नोंद किती दिवस ठेवायची ते ठरवा, कर्मचाऱ्यांना सांगा आणि मुदत संपली की पुसा.

संगणक विकताना, फॉरमॅट मारताना

फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स सोडवून घ्या. टॅलीत त्यासाठी 'सरेंडर' आहे, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'डीॲक्टिव्हेट' किंवा 'साइन आउट' आहे. हे राहिलं की नव्या संगणकावर तेच लायसन्स चालत नाही, मग कंपनीला फोन, बिलाची प्रत, ओळखपत्राची प्रत, आणि अशा रीतीने तपासणीच्या नावाखाली आणखी कागद जातात. ओळखपत्र मागितलंच तर आधीच बिलावर असलेली माहिती पुरते का ते विचारा. म्हणून बिल आणि कागदावर लिहिलेली सिरियल की घरी जपून ठेवणं हे साधं काम पुढचं बरंच टाळतं. खात्यात जोडलेल्या यंत्रांची यादी वर्षातून एकदा उघडा आणि जुने, विकलेले संगणक काढून टाका.

विचारायचं कसं

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपल्याकडे ऑगस्ट 2023 मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि ग्राहकाला थेट उपयोगी पडणाऱ्या बहुतेक तरतुदी तिथून 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या विषयासाठी त्यातल्या तीन गोष्टी मोलाच्या आहेत. सांगितलेल्या कामासाठी जेवढी माहिती आवश्यक तेवढ्यापुरतीच संमती धरली जाते. म्हणजे लायसन्ससाठी दिलेली संमती वाचनाची टक्केवारी मोजायला वापरता येत नाही. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजे, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. आणि संमतीवर घेतलेल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क मिळतो. सुरक्षिततेत कसूर झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

तरतुदी लागू होण्याची वाट न पाहता आजच लिहिता येतं. युरोपात 25 मे 2018 पासून कडक कायदा लागू आहे, त्यामुळे तिथे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे अशा पत्रांना उत्तर देणारी माणसं आणि पद्धत दोन्ही तयार आहेत. कंपनीच्या गोपनीयता-मसुद्याच्या शेवटी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो. त्यावर, ज्या ईमेलवर लायसन्स घेतलं आहे त्याच पत्त्यावरून, असं काही पाठवा:

'तुमचं सॉफ्टवेअर मी लायसन्स घेऊन वापरतो. लायसन्सच्या पडताळणीसाठी माझ्या संगणकावरून नेमकी कोणती माहिती जाते, किती वेळा जाते, कोणत्या देशात साठवली जाते आणि किती काळ ठेवली जाते, ते कळवावं. त्यातली कोणती माहिती पडताळणीसाठी अनिवार्य आहे आणि कोणती नाही, हे वेगवेगळं सांगावं. अनिवार्य नसलेली माहिती यापुढे घेऊ नये आणि आजवर घेतलेली पुसावी. ही माहिती अन्य कोणत्या कंपनीला दिली असल्यास तिचं नाव द्यावं.'

कंपनी इंग्रजीतच उत्तर देत असेल तर हेच इंग्रजीत लिहा. पत्रात सिरियल की, आधार किंवा कार्डाचे अंक घालू नका. पाठवल्याची तारीख टिपून ठेवा, कारण नव्या कायद्यानुसार डेटा संरक्षण मंडळाकडे जाण्याआधी कंपनीच्या तक्रार-यंत्रणेकडे दाद मागितल्याचं दाखवावं लागतं. उत्तर गोलमोल आलं तर 'अनिवार्य कोणती' हा एकच प्रश्न पुन्हा विचारा. टाळायला सगळ्यात अवघड तोच आहे. तुमच्या गावच्या छापखान्यांची, सीएंची किंवा ग्रंथालयांची संघटना असेल तर हे पत्र तिच्या नावाने जाऊ द्या. पन्नास प्रती घेणाऱ्याच्या पत्राला विक्री विभागही उत्तर देतो, आणि पुढच्या खरेदीच्या करारात 'पडताळणीव्यतिरिक्त माहिती घेणार नाही' ही ओळ घालून घेण्याची ती उत्तम वेळ असते.